गळतीतले सत्तेचाळीस

पावाच्या दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या हातून नंबराची चिठ्ठी निसटली, आणि ती उचलायला बाई वाकली नाही. दोन्ही गुडघे दुमडत ती सरळ खाली गेली, पाठ ताठ, मान ताठ, नजर समोरच्या वेलदोड्याच्या पावांवर. जमिनीवर चाचपडत तिनं चिठ्ठी शोधली आणि तशीच सरळ वर आली. मार्चची सकाळ, साडेनऊ वाजलेले, बाहेर फुटपाथवरचा बर्फ वितळून खाली टाकलेली खडी उघडी पडलेली, आत कॉफीचा वास आणि सहा माणसं गप्प उभी. कुणाचंच तिच्याकडे लक्ष गेलं नाही. माझं मात्र गेलं. छातीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत, मी मनात म्हटलं. दोन सळ्या. उजवा खांदा अजून केसभर वर. आणि मग, जरा उशिरानं, ध्यानात आलं की ही पाठ माझी आहे. म्हणजे तिचीच, पण सरळ मी केलेली.

पाठी मी विसरत नाही. नावं विसरते, चेहरे तर सपशेल विसरते. नवरा म्हणतो, इंगालिल, माणसाला पुढची बाजूही असते हे तुला आपल्या लग्नात कळलं. त्याचं काय चुकलं? इथे उत्तरेत, उमेओच्या इस्पितळात एकतीस वर्षं मी पोरींच्या वाकड्या पाठी सरळ करते आहे, येत्या जूनमध्ये निवृत्त होईन, आणि अजून बसमध्ये, पोहायच्या तलावावर, अगदी चर्चमध्ये शोकसभेलासुद्धा, माझी नजर पुढच्या माणसाच्या मणक्यांवरून वरखाली फिरत असते. लोकांना वाटतं म्हातारी टक लावून बघते. मी कोन मोजत असते. पण तलावावर दिसणाऱ्या पाठी बिनओळखीच्या असतात, त्यांचं माझ्याकडे काही येणं नसतं. ही पाठ ओळखीची होती आणि माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि मला तिला एकच प्रश्न विचारावासा वाटला. पुन्हा चौदा वर्षांची झालीस तर पुन्हा करून घेशील का? पण रांगेत अनोळखी माणसाशी बोलायचं तर आमच्याकडे एक तर दुकानाला आग लागलेली असावी लागते, नाहीतर बोलणारा दक्षिणेतला असावा लागतो. मी मूळची दक्षिणेतलीच, स्कोनेतली, पण इथे राहून ती खोड कधीच मोडली. मी तिच्या खांद्याकडे बघत बसले.

हा प्रश्न काही त्या सकाळी सुचलेला नव्हता. शुक्रवारपर्यंत मला एका लेखाचा शेवटचा भाग लिहून द्यायचा होता. पाठीच्या बाकाच्या शस्त्रक्रियेवर आजवर काय संशोधन झालं, याचा तो लेख, आणि अशा प्रत्येक लेखाच्या शेपटीला एक मथळा असतोच: उणिवा आणि पुढील दिशा. लेख लिहिणाऱ्यांमध्ये हा भाग फार लोकप्रिय, कारण त्यात काहीही सिद्ध करावं लागत नाही. किती अंशांच्या पुढे चाकू लावायचा याबद्दल निम्म्या जगाचं एक मत आणि उरलेल्या निम्म्याची चार. सळ्या घालून मणके कायमचे सांधायचे की लवचीक दोरीनं ओढून धरायचे आणि वाढत्या वयाकडूनच काम करवून घ्यायचं, यावर वाद, आणि दोरीवाल्यांच्या पोरी अजून विशीतच, त्यामुळे त्यांचं पुढे काय झालं ते पुढेच कळणार. एक्स-रेवर बासष्टाचे एकवीस अंश झाले की आम्ही एकमेकांची पाठ थोपटतो, पण एक्स-रे काही त्या पोरीला घरी जाऊन बुटांच्या नाड्या बांधून दाखवत नाही. हे सगळं लिहायचं आणि शेवटी "अधिक संशोधनाची गरज आहे" म्हणून सही ठोकायची. मी हे वाक्य आयुष्यात किमान तीस वेळा लिहिलं असेल. या वेळी ते लिहवत नव्हतं, कारण या वेळची उणीव माझ्या स्वतःच्या आकड्यांत होती. पहिल्या सात वर्षांत मी ज्या एकशे अठरा मुलींची शस्त्रक्रिया केली, त्या सगळ्यांना पंचवीस वर्षांनी आम्ही फोन केला. दुखतं किती, झोप किती, काम किती, सगळ्याला एक ते पाच आकडा, आणि शेवटी एकच हो-नाहीचा प्रश्न, तोच. त्या प्रश्नाला एकाहत्तर जणींनी उत्तर दिलं. सत्तेचाळीस जणींच्या नावापुढे "उत्तर नाही". आमच्या भाषेत अशा लोकांना एक शब्द आहे, बोर्टफाल. गळून पडलेले. गळती.

आता शंभरात चाळीस गळती म्हणजे आकडेवारीच्या दृष्टीनं लेखाचे तीनतेरा. पण मला झोंबत होतं ते निराळंच. त्या सत्तेचाळीस जणी सगळ्या इथल्या, उत्तरेतल्या, लहानपणापासून त्याच गावात राहिलेल्या. ज्या दक्षिणेत नोकरीला, लग्नाला गेल्या त्यांनी धडाधड उत्तरं दिली. माझा सहलेखक तोर्केल दक्षिणेत लुंडला बसतो, वयानं माझ्या मुलाएवढा, हुशार आणि त्याची त्याला पुरती जाणीव असलेला. तो म्हणाला होता, "सोपं आहे गं. तुझ्या गावात ती लोकं तुला दुकानात भेटतात. तुझ्या तोंडावर नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून गप्प बसतात." मी त्याला काहीतरी फटकन उत्तर दिलं, पण ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. नाही म्हणायची लाज. सत्तेचाळीस वेळा. पहिल्याच महिन्यात ऑपरेशन टेबलावर पालथी झोपलेली ती नोर्डमालिंगची पोर, जिनं गुंगी चढता चढता विचारलं होतं की शाळेची स्कीची सहल एप्रिलमध्ये आहे, तोपर्यंत होईल ना बरं? मी म्हटलं होतं, पुढच्या एप्रिलमध्ये. तिसऱ्या दिवशी त्यांना उभं करायचो. पोरगी उठायची आणि एकदम चार सेंटिमीटर उंच. आया रडायच्या, बाप खिडकीबाहेर बघायचे, आणि मी भिंतीला टेकून उभी असायचे, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला स्वतःचा अतोनात अभिमान वाटायचा. मग दोन वर्षं तपासण्या, मग अठरा पूर्ण, मग फाइल बंद. त्या गेल्या आणि जगल्या, पोरं झाली, गवत कापलं, घटस्फोट घेतले, आणि मी पुढची पाठ उघडली. मी केलं ते बरं केलं का, एवढंच मला जूनच्या आत कळायला हवं होतं. लेखाचं काय, तो छापला गेला असता, नसता.

"स्क्रू मोजतेयस का?"

मी दचकले. ती वळली होती. म्हणजे मान वळवली नव्हती, सबंधच वळली होती, दारासारखी.

"माफ कर," मी म्हटलं. "सवय."

"वीस आहेत. तूच सांगितलेलं." तिनं हसून हात पुढे केला. "लोविसा. बुर्स्ट्रॉम. सत्त्याण्णव सालची. तुझे केस तेव्हा लाल होते."

"रंगवलेले होते."

"ते आम्हाला माहीत होतं. सगळ्या वॉर्डाला माहीत होतं." आमच्याकडे डॉक्टरला काय, मंत्र्यालाही तूच म्हणतात, पण हिच्या तू-मध्ये चौदा वर्षांच्या पोरीची टवाळी अजून शिल्लक होती. रांगेतल्या चार माथ्यांनी आमच्याकडे किंचित वळून पुन्हा समोर बघितलं. लोविसा आता बेचाळिशीची, शाळेत सुतारकाम शिकवते, दोन पोरं, नवरा वीज मंडळात. पाठ दुखते का, तर बर्फ उपसल्यावर दुखते, पण ती नवऱ्याचीही दुखते आणि त्याच्यात काहीच बसवलेलं नाही. एकदा विमानतळावर तिला बाजूला घेतलं, तेव्हा तिनं अधिकाऱ्याला सांगितलं की हे काढायचं तर उमेओच्या बाईला बोलवा, तिच्याकडे पाना आहे. मी हसत होते, आणि हसता हसता एकदम धीर करून विचारलं. पुन्हा चौदाची झालीस तर?

ती हो म्हणाली. लगेच, पापणीही न हलवता. मग म्हणाली, "पण हे काय चाललंय तुमचं? गेल्या वर्षी फोनवर हेच विचारलंत. ती फोनवाली, गोड होती बिचारी, पण तीनतीनदा विचारायची. मी आपली तीनतीनदा हो म्हणतेय. म्हटलं, लग्न लावतेय की काय माझं."

जिवात जीव आला. म्हणजे ही एकाहत्तरांतली. एक हो प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितलं होतं, आता उरलेल्या सत्तर जणींवरही जरा जास्त विश्वास ठेवता येईल असं काहीतरी बिनशास्त्रीय माझ्या डोक्यात आलं, आणि तेवढ्यात तिचा नंबर पुकारला गेला. काउंटरवर नवा माणूस होता, पन्नाशीचा, जाडजूड, आणि त्याच्या घशातल्या 'र'वरूनच मी ओळखलं की हा माझ्या मुलखातला, स्कोनेचा. लोविसानं राईचा मोठा पाव दाखवला.

"कापून देऊ?" त्यानं विचारलं.

लोविसा त्याच्याकडे बघत होती. तो लोविसाकडे बघत होता.

"कापून हवा का?" त्यानं पुन्हा विचारलं.

क्षण गेला. त्यानं पाव वर धरला, दुसऱ्या हातानं यंत्राकडे बोट केलं, आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "पाव. कापायचा. का?"

"अरे बाबा, तीनदा हो म्हणाली ना ती!" माझ्या मागचा एक म्हातारा कावून ओरडला. "काप आता! आम्हाला घरी जायचंय!"

"कधी म्हणाली?" तो माणूस खरोखर गोंधळला होता. "एक शब्द नाही बोलली!"

"शब्द कशाला हवाय?"

अख्खी रांग हसली, लोविसा सगळ्यात मोठ्यानं, आणि मी तिथं दगड होऊन उभी राहिले. कारण तो माणूस बरोबर होता. ती एक शब्दही बोलली नव्हती. आमच्या उत्तरेत हो बोलत नाहीत, आत ओढतात. ओठांचा चंबू करायचा आणि चटकन श्वास आत घ्यायचा, श्शुप्, बस्स, एवढाच होकार. इथे आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं की माझं बोलणं ऐकून लोकांना धक्का बसतोय. मग कान सरावला, आणि मग कधीतरी, कधी ते माहीत नाही, मीही ओढायला लागले, आणि तेव्हापासून तो आवाज आवाज राहिलाच नाही, नुसतं हो झाला. पाच मिनिटांपूर्वी लोविसानं मला उत्तर दिलं तेव्हा मी काय ऐकलं? हो ऐकलं. तिच्या तोंडून काय निघालं? काहीच निघालं नाही, उलट आत गेलं. आणि फोन करणारी पर्निल्ला लुंडची, जन्मात कधी स्टॉकहोमच्या वर न आलेली, आणि तिच्या हातातल्या सूचनांच्या कागदावर मी स्वतः, माझ्या हातानं, लिहिलं होतं: "तीनदा विचारूनही शब्दात उत्तर न आल्यास 'उत्तर नाही' अशी नोंद करावी." आकड्यांच्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यांनी आकड्यांतच दिली होती. श्वास लागला तो फक्त शेवटच्या प्रश्नाला. माझा नंबर पुकारला गेला, मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि पाव न घेताच दुकानाबाहेर पडले. त्या स्कोनेवाल्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, या गावात कुणालाच धड बोलता येत नाही.

इस्पितळापर्यंत मी जवळजवळ पळत गेले, त्रेसष्टाव्या वर्षी, खडीवरून. सगळे फोन रेकॉर्ड केलेले होते. दार लावून घेतलं, हेडफोन कानाला लावले, गळतीतली पहिली नोंद काढली. "तर शेवटचा प्रश्न," पर्निल्लाचा गोड, लांबट आवाज, "आज पुन्हा तीच वेळ आली तर तू पुन्हा शस्त्रक्रिया करून घेशील का?" श्शुप्. "हॅलो? ऐकू येतंय का? पुन्हा करून घेशील का?" श्शुप्. "हॅलो?" श्शुप्. "बरं, उत्तर द्यायचं नसेल तरी काही हरकत नाही हं. खूप आभार." मला हसू फुटलं. दुसरी नोंद. श्शुप्. तिसरीत मागे दूरदर्शन चालू, आणि श्शुप्. सातवीपर्यंत पोचले तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं हे मलाही कळत होतं. एक वर्ष मी या बायकांना गळालेल्या म्हणत होते. त्या कुठे गळाल्या होत्या? त्या आपापल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून तीनतीनदा हो म्हणत होत्या आणि लुंडची एक बाई त्यांचे आभार मानून फोन ठेवत होती.

तोर्केलला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "श्वास म्हणजे उत्तर नव्हे, इंगालिल."

"इथे आहे."

"परीक्षकांना काय लिहू? 'सत्तेचाळीस रुग्णांनी श्वास घेतला'? एकाहत्तर जणींनीही घेतला असेल, जिवंत आहेत त्या."

"तू ऐक तरी."

"मला काही कळणार नाही, मी लुंडचा. आणि तुला हो ऐकायचंच आहे, तुझे कान पक्षपाती." कारटं खरं बोलत होतं. "असा कुणीतरी आण ज्याला प्रश्नच माहीत नाही. नुसता तो तुकडा ऐकव. तो काय म्हणतो ते लिही. मग बघू."

प्रश्न माहीत नसलेला आणि श्वास कळणारा माणूस आमच्या तळघरात बसतो. एवर्ट, जुन्या एक्स-रे फिल्म्सचा रखवालदार, आत लिक्सेलेकडच्या एका खेड्यातला, तिथले लोक उमेओवाल्यांना बडबडे समजतात. त्याच्या मगात कॉफीत चीजचे तुकडे बुडवलेले असतात, आणि ते खाऊन होईपर्यंत तो कुणाशी बोलत नाही. मी वाट बघितली. मग त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, प्रश्न कापून फक्त नंतरचे तीन सेकंद ठेवले, आणि म्हटलं, काय ऐकू येतं ते सांग.

"हो," एवर्ट म्हणाला.

पुढचा.

"हो. पण कणीक मळतेय, हात पिठात आहेत."

"ते कसं कळलं तुला?"

"घाईचा आहे." पुढचा. "हो. हे चांगलं हो आहे." पुढचा. "हो, पण का ते विचारू नकोस." पुढचा. "हो, आणि आता ठेव फोन." पुढचा ऐकून तो जरा थांबला. "ही रडली असावी आधी. पण हो." माझी पेन्सिल धावत होती. आमच्या फॉर्मवर त्या प्रश्नाला दोन चौकोन होते, हो आणि नाही, आणि हा माणूस चीज चघळत अकराव्या प्रकारच्या होकारावर पोचला होता. जगभरच्या परिषदांत मी रुग्णाचं समाधान मोजायच्या नव्यानव्या पद्धतींवर भाषणं ऐकली आहेत, पंचवीस-पंचवीस प्रश्नांच्या, यंत्रं वापरून केलेल्या. आमच्या तळघरात एवर्ट बसतो हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन ठिकाणी तो म्हणाला, इथे कुत्रं भुंकलं, मी खोटं सांगणार नाही. चव्वेचाळीस ठिकाणी म्हणाला, हो. आणि एकतीस नंबरला त्यानं हात वर केला, पुन्हा लाव म्हणाला, पुन्हा ऐकलं, आणि हेडफोन काढून ठेवले.

"हे हो नाही."

"मग नाही?"

"नाहीही नाही. काहीच ओढलं नाही तिनं. ती थांबली आहे." त्यानं कॉफीचा मग उचलला, रिकामा होता, खाली ठेवला. "पुढचं काहीतरी विचारावं म्हणून थांबली आहे. कुणी विचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. पर्निल्लानं तीनदा तोच प्रश्न विचारला होता आणि आभार मानले होते. वर येऊन कुलपातली यादी काढली. एकतीस नंबर म्हणजे उल्रिका स्टेनवाल, नोर्शो गाव, शस्त्रक्रिया अठ्ठ्याण्णव साली, बासष्टाचे एकवीस, माझ्या सगळ्यात देखण्या एक्स-रेंपैकी एक. अनेक वर्षं तो मी विद्यार्थ्यांना दाखवत असे. "पुन्हा फोन केला तर चालेल" या ओळीपुढे तिनं खूण केलेली होती. चव्वेचाळीस होकार हातात असताना एकीला कशाला छेडायचं, असं मला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं. लेख बचावला होता, मी बचावले होते, तोर्केलला तोंड दाखवता येणार होतं. पण तोवर मी फोन लावलाही होता.

"मी इंगालिल," मी म्हटलं. "तुझं ऑपरेशन मी—"

"माहीत आहे," ती म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज होता, तो थांबला.

मी प्रश्न विचारला. ती काही बोलली नाही. श्वासही नाही. अशा वेळी मी आयुष्यभर काय करत आले ते मला माहीत आहे, मी बोलते, धीर देते, एक्स-रे दाखवते, "छान झालंय हं" म्हणते. मी जीभ दातांत धरली. घड्याळाचा काटा फिरताना बघितला.

"नाही," उल्रिका म्हणाली. "नसतं करून घेतलं."

लागलं. लागलं, हे कबूल करते. पण त्याच्या पाठोपाठ एक विचित्र हलकेपणा आला, कारण त्या एका नाहीमुळे चव्वेचाळीस हो मला पहिल्यांदा खरे वाटले. लाजेनं गप्प बसणारी माणसं नव्हती ही.

"दुखतं का?"

"छे. पाठ उत्तम आहे. तू चांगलं काम करतेस." ती जराशी हसली. "आईचं आणि माझं वळण एकच होतं ना गं. उजवीकडे, अगदी तेच. लहानपणी गावात निघालो की लोक म्हणायचे, आली बघ थोरली आणि धाकटी. मला आवडायचं ते. हे तू विचारलं नव्हतंस. ऑपरेशन करून घरी आले तर मी तिच्याहून चार बोटं उंच. ती म्हणाली, कित्ती सुंदर दिसतेस. आणि त्यानंतर ती माझ्याबरोबर कधी गावात आली नाही. कामं निघायची तिला. दर वेळी काम निघायचं."

या वेळी जीभ दातांत धरावी लागली नाही. तो एक्स-रे मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना दाखवत होते. त्यात शेजारी उभी असलेली ती बाई कुठे दिसणार होती?

"आई कशी आहे?" शेवटी मी विचारलं.

"एक्याऐंशीची आहे," उल्रिका म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खोडकर झाला. "आत्ता शिडी लावतेय. छतावरचा बर्फ स्वतः काढते, मला चढू देत नाही. तुझा एकही स्क्रू नाही तिच्यात."

मी हसले. ती हसली. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एकशे अठरा बायका आहेत, ज्यांची पाठ मी उघडली. आणि ज्यांची कुणीच कधी उघडली नाही, ज्या तशाच वाकड्या जगल्या, म्हाताऱ्या झाल्या, शिड्या चढल्या, त्यांतली एकही नाही. शुक्रवारी द्यायच्या माझ्या उणिवांच्या यादीत ही बाई नव्हतीच.

"तिच्याशी बोलू का?" मी विचारलं. "चालेल तिला?"

उल्रिका दार उघडून हाका मारत गेली. लांबून कुणीतरी कुरकुरल्याचं ऐकू आलं, मग बुटांखाली कच्चा बर्फ दबल्याचा आवाज, मग फोनजवळ एक मोठा, खरखरीत श्वास.

"हं," म्हातारी म्हणाली. "विचार."

मी फॉर्मवर नजर टाकली. किती वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली? पुन्हा करून घेशील का? तिला विचारता येईल असा त्यावर एकही प्रश्न नव्हता. मी फॉर्म उलटा केला. कागद पाठकोरा होता.

"माझ्याकडे प्रश्न नाहीत," मी खरं ते सांगून टाकलं. "तूच सांग, मी लिहून घेते."

पलीकडे शिडी भिंतीला टेकवून ठेवल्याचा आवाज आला.

"मग लिही," ती म्हणाली. "पण भराभर लिही. ऊन आहे तोवर मला वर जायचंय."